एक ओळ खाली

॥ श्री पावणाई प्रसन्न ॥
रत्नागिरी, २७ फेब्रुवारी १९८९

चि. दादू यास ताईचा आशीर्वाद.

दिवाळीत तू मिरजोळ्याच्या आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर बसवून गेलास तेव्हा म्हणालास, "ताई, आता खिळे जुळवायचे दिवस गेले." गेले खरे. पण खिळा निदान ठेवला तिथं राहायचा. इथं पडद्यावर तक्ता सरळ दिसतो आणि कागदावर उतरला की ताडी प्यायल्यासारखा चालतो. तारखा ठीक येतात, पण नावांचा रकाना एक ओळ इकडे, एक तिकडे. उभ्या रेघा अर्ध्यावर तुटतात. ह्यांनी चार दिवसांत तीस कागद घालवले. मी त्यांच्या मागल्या बाजूला वाण्याची यादी लिहिते, तरी तीस म्हणजे तीस.

काम ह्यांच्या गावचं, तळसड्याचं आहे. शिमग्यात पावणाईची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, आणि पहिला खांदा कोणाचा, हे आजवर गावाचे प्रमुख, गावकर, वहीत लिहीत. दोन वर्षांमागं वहीत कोणीतरी खाडाखोड केली आणि तिघांची डोकी फुटली. म्हणून यंदा गावानं ठरवलं की मानाचं पत्रक छापायचं आणि घरटी एक वाटायचं. छापलेल्यात खाडाखोड होत नाही. काम ह्यांच्याकडे आलं, कारण आमच्या घराला कुठलाच मान नाही. "ज्याला मान नाही त्याच्यावर विश्वास," असं हे हसत सांगतात.

तुला कोकण सांगायला नको. इथं बांधासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, पण पालखीच्या खांद्यासाठी कोर्टापर्यंत जायला कोणाला धीर नसतो. एकोणीस ओळी आहेत. तीन रकाने: तारीख, वाडी, मानकरी. प्रूफ मीच वाचते, कामाची वहीही माझ्याकडेच असते, तेव्हा जबाबदारी माझीही आहे. यंत्र सरळ कसं चालेल ते लगेच कळव.

कमळेची तब्येत सांभाळ. सातवा लागला ना?

तुझी
ताई

*

मुंबई, ३ मार्च १९८९

सौ. ताईस दादूचा नमस्कार.

तुझं पत्र कमळेला वाचून दाखवलं, दोघं पोट धरून हसलो. भावोजींना सांग, खालची लांब कळ बडवून रकाने सरळ होत नसतात. ते काय आंबे पाडणं आहे?

ऐक. पडद्यावरचं अक्षर आणि प्रिंटरचं अक्षर एका मापाचं नसतं. पडद्यावर सात मोकळ्या जागा सोडल्या की नाव सरळ दिसतं. प्रिंटर त्याच सात जागा स्वतःच्या मापानं मोजतो, म्हणून ते वाकडं. तेव्हा मोकळ्या जागा सोडूच नका. तीन उभ्या चौकटी शेजारी शेजारी आखा. पहिलीत नुसत्या तारखा, दुसरीत वाड्या, तिसरीत नावं. तिन्हींत ओळींमधलं अंतर एकच ठेवा म्हणजे ओळ ओळीसमोर येईल. रेघा सगळ्यात शेवटी मारा, आणि जरा जाड घ्या, म्हणजे तुटणार नाहीत.

तुमचा टिंबांचा प्रिंटर फक्त प्रूफापुरता. प्लेट करायची तर लेझरचा कागद हवा. फ्लॉपी मुंबईच्या गाडीला द्या. रविवारी ऑफिसात मालक नसतात. मी इथं काढून परत पाठवतो. अख्ख्या फोर्टात माझ्याइतकी सुबक पानं कोणी लावत नाही, हे तुझ्या गावकऱ्यांना सांग आणि देवीचा एक नारळ माझ्या नावानं ठेव.

दादू

*

रत्नागिरी, ९ मार्च १९८९

चि. दादूस आशीर्वाद.

तीन चौकटींचा उपाय लागू पडला. प्रूफ मी फूटपट्टी लावून ओळन् ओळ वाचलं. एकोणीस तारखा, एकोणीस वाड्या, एकोणीस मानकरी, सगळे आपापल्या पाटावर बसलेत. हे म्हणाले, तुझ्या भावाच्या हाताला यश आहे.

फ्लॉपी आज सकाळच्या गाडीला सदू ड्रायव्हरकडे दिली, सोबत प्रूफाची एक प्रत. एक सांगते ते मनावर घे. तुझा कागद मंगळवारी येईल तो थेट प्लेटला जाईल. शिमग्याआधी चारशे प्रती गावात पोचायच्या आहेत, इथं पुन्हा वाचायला उसंत नाही. म्हणून तिथंच प्रूफाशी एकदा ताडून बघ.

नारळ ठेवला.

ताई

*

॥ श्री पावणाई ॥
रत्नागिरी, ३० मार्च १९८९

दादू,

घडलं त्या क्रमानं लिहिते, नाहीतर मला लिहिताच येणार नाही.

पंचवीस तारखेला सोनू धाकू आणि हरी धाकू या दोघा भावांचा मान होता, तो झाला. सव्वीसला खालच्या वाडीतल्या गंगारामाचा दिवस. आपापला दिवस प्रत्येकाला पाठ, म्हणून घरोघर पोचलेलं पत्रक आधी कोणी नीट वाचलंच नव्हतं, आणि त्यात त्या तारखेपुढं त्याचं नावच नव्हतं. आदल्या दिवशीच्या नावाचं शेपूट तिथं आलं होतं, "दोन्ही घरे मिळून" एवढंच. धाकूचे मुलगे म्हणाले, छापलंय ते आमचंच, आजही आम्हीच. गंगारामानं दात खाल्लेन् पण गप्प राहिला, कारण कागदावर सत्तावीस तारखेपुढं त्याचं नाव होतं.

सत्तावीस तारीख सड्यावरच्या वाडीची. तिथला पहिला खांदा केरूच्या घरचा, चार पिढ्यांचा. केरूचा धाकटा भाऊ भागोजी मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आला होता. सकाळी अकराला पालखी सड्यावर चढली. भागोजीनं दांडीला खांदा लावला तोच गंगारामानं पत्रक त्याच्या तोंडापुढं धरलंन्.

"वाच! सत्तावीसला कोणाचा नाव हाय?"

"कागद काय देवीचा बाप लागून गेला?" भागोजी म्हणाला, आणि कागद फाडून त्याचा बोळा गंगारामाच्या तोंडात कोंबलान्.

गंगारामाच्या पुतण्याच्या कमरेला कोयती होती. ती भागोजीच्या मानेत बसली ती निघेना. त्यानं पाय देऊन काढली. भागोजी खांदा न सोडता खाली बसला, म्हणून पालखीही त्याच्यावर आली. देवीचं रूपं, तो चांदीचा मुखवटा, सुटून मातीत गेलं, रक्तात भिजलं. मागच्या ढोलवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच होते. त्या ढोलावर माणसं एकमेकांना मारत होती. काठ्या, दगड, पालखीच्याच दांड्या. धाकूच्या थोरल्या मुलाचा डोळा गेला. अकरा जण सिव्हिल हॉस्पिटलात आहेत. भागोजी सड्यावरच गेला, त्याला कुठं न्यावंच लागलं नाही. गंगाराम आणि पुतण्या कोठडीत आहेत.

परवा दुपारी केरू सहा जणांना घेऊन छापखान्यात आला. सोबत बाबल्या गुरव. मी वही लिहीत बसले होते, छापखान्यात कामाला येणारी गोदा कागद दुमडत होती.

केरू ह्यांना म्हणाला, "हरिश्चंद्रा, गंगारामाकडनं किती खाल्लंस?"

"केरू, देवीची आण, मी तुझं नाव हलवलं नाही."

"मग कोणी हलवलान्? वाऱ्यानं?"

त्यांनी ह्यांना कागद कापायच्या यंत्राशी ओढत नेलं आणि उजवा हात आत घातला. पातं नाही पाडलं. पात्याआधी कागद दाबून धरायची लोखंडी पट्टी असते, ती चाक फिरवून खाली आणतात. केरू एक फेरा फिरवी आणि विचारी, "किती?" पुन्हा फेरा. "किती?" तिसऱ्या फेऱ्याला हाडं वाजली. सुकं शेणकूट मोडावं तसा आवाज. मी केरूच्या पाठीवर, डोक्यावर वहीनं मारत होते. तो वळूनही बघेना. शेवटी बाबल्यानं त्याचा दंड धरला.

"देवीला इचारल्याबिगर हात तोडलास तर दोष गावावर येल. कौल लावू. मग तोड."

केरूनं चाक सोडलं. जाताना कॉम्प्युटरचा पडदा फोडलान्. ह्यांच्या तीन बोटांचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात, हात राहील, बोटं राहणार नाहीत.

दादू, प्रूफात सगळे आपापल्या ओळीत होते. मग कागदावर गंगाराम केरूच्या ओळीत कसा आला? यंत्रात असं काय होतं ते मला सांग. लवकर सांग.

ताई

*

मुंबई, २ एप्रिल १९८९

ताई,

कमळा कालपासून जेवली नाही. तू आणि भावोजी मिळेल त्या गाडीनं इकडे निघून या. ते लोक माणसं नाहीत.

यंत्राचं म्हणशील तर शंभर कारणं असतात. फ्लॉपी गाडीत इंजिनजवळ ठेवली असेल तर उष्णतेनं आतला मजकूर सरकतो. स्पीकरचं लोहचुंबक जवळ आलं तरी बिघडतो. आता फ्लॉपीतून पसरणारा एक रोगही निघालाय, त्याची इथं रोज चर्चा असते. विजेचा दाब कमीजास्त झाला तरी ओळी पुढंमागं होतात. कधी प्रिंटरच पानाच्या मध्ये चुकतो. यातलं नेमकं कुठलं ते आता कोणी सांगू शकणार नाही. मी फक्त फ्लॉपी घातली आणि कागद काढला.

गावकऱ्यांना सांग, मशीन आहे, मशीन चुकतं. पोलिसांना सांग. आणि जुने कागद कोणाला दाखवत बसू नकोस, त्यातून उगीच नवे फाटे फुटतील. आधी जीव वाचवा.

दादू

*

॥ श्री पावणाई ॥
रत्नागिरी, ५ एप्रिल १९८९

दादू,

हे टपालात टाकत नाही, सदू ड्रायव्हरकडे देते. उत्तर त्याच्याच हाती दे.

पळून या म्हणतोस. ह्यांना ताप आहे, आणि छापखान्याच्या दारात केरूची दोन माणसं रोज बसतात. आमच्या बिऱ्हाडासमोर दोन. हवालदार येऊन चहा पिऊन म्हणाला, "आपसात मिटवा." पळालेल्या माणसावर चोरी न विचारता सिद्ध होते.

शुक्रवारी कौल लागला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबल्यानं विचारलं, "आई, पत्रकातली चूक माणसानं जाणूनबुजून केली काय?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. मग विचारलं, "हरिश्चंद्रानं केली काय?" तासभर एकही कळी हलली नाही. बाबल्या म्हणाला, देवी गप्प आहे. केरू सुतकात, म्हणून देवळाबाहेर उभा होता. तिथूनच ओरडला, "गप्प म्हंजे आपल्यावर सोडलान्!" येत्या शनिवारी भागोजीचं तेरावं. रविवारी सहाणेवर, पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, गाव बसेल. ज्यानं केलं तो माणूस उभा करायचा, नाहीतर केरू ह्यांच्यावर उरलेलं काम पात्यानं पुरं करणार. हाताचं नव्हे. गळ्याचं म्हणालाय.

दादू, मी देवीवर विश्वास ठेवणारी बाई आहे. ती म्हणते जाणूनबुजून, तर जाणूनबुजून. हे नव्हेत. मी नव्हे. म्हणून काल मी हिशेब पडताळतात तसा कागद पडताळला.

एकही पाठकोरा कागद मी टाकत नाही, तुला ठाऊक आहे. आपलं प्रूफ मिरच्यांच्या डब्यात तळाशी घातलं होतं. ते काढून छापलेल्या पत्रकाशेजारी ठेवलं. पहिल्या तीन ओळी जुळतात. चौथी, पंचवीस तारखेची: "सोनू धाकू व हरी धाकू, दोन्ही घरे मिळून." प्रूफात ती एका ओळीत मावली आहे. पत्रकात मावली नाही, "दोन्ही घरे मिळून" खाली गेलंय. नावांच्या चौकटीला शेजारच्या तारखांशी काय देणंघेणं? त्या एका ओळीच्या भारानं खालची सगळी नावं एकेक पायरी उतरली. गंगाराम केरूच्या पायरीवर आला. केरू त्याच्या पुढच्याच्या. आणि एकोणिसावं नाव, तळ्यावरच्या वाडीचं, चौकटीबाहेर पडून गडपच झालं. पान भरलेलं दिसतं म्हणून कोणाला रितं वाटलं नाही.

उष्णतेनं असं होत नाही, दादू. उष्णता काय चौथी ओळ निवडून घेते? मी भिंग लावून पाहिलं. प्रूफातलं अक्षर बारीक आहे. पत्रकातलं जाड. जाड अक्षर जास्त जागा खातं, म्हणून नाव मावलं नाही.

मंगळवारी तुझा कागद आला तेव्हा मी दोन मिनिटं तो वाचला असता तर भागोजी आज जिवंत असता. माझा मंगळवारचा उपास होता, मी घरी होते. ती चूक माझी, मी देवीपुढं कबूल केली आहे. आता तू सांग. अक्षर कोणी जाड केलं?

ताई

*

मुंबई, ७ एप्रिल १९८९

ताई,

मी केलं.

तुमचं बारीक अक्षर लेझरवर फिकं उमटत होतं. प्लेटवर तुटलं असतं. म्हणून नावांना जाड अक्षर लावलं, चांगल्यासाठीच लावलं. पडद्यावर नीट दिसलं. पण चौकटीखाली एक बारीकशी खूण आली. ती खूण आली म्हणजे आत मजकूर मावलेला नाही, काहीतरी उरलंय. ताई, मी ती खूण पाहिली. तिचा अर्थ मला ठाऊक होता. चौकट जरा रुंद करून, पुन्हा कागद काढून, तुझ्या प्रूफाशी ताडायला वीस मिनिटं लागली असती.

रविवार होता. ऑफिसातल्या दोघांबरोबर तीनच्या खेळाची तिकिटं काढली होती. ते जिन्यात उभे राहून हाका मारत होते. मला वाटलं, शेवटी एखादी रिकामी ओळ उरली असेल. नाही, खोटं कशाला लिहू, वाटलं नाही. एखादं नाव गेलं असेल असंच वाटलं, आणि म्हटलं, गेलं तर गेलं, खेड्यातलं पत्रक आहे.

मी येऊ शकत नाही. तिथं उभा राहिलो तर केरू मला जिवंत ठेवेल का? कमळेला दीड महिना उरलाय. तुला हात जोडतो, रविवारी मशीन म्हण. मशीनवर कोयता चालत नाही. भावोजी निर्दोष आहेत हे तुझ्या कागदांवरून दिसेलच, मग माझं नाव कशाला? आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तू मला वाढवलंस. आता मारू नकोस.

हे पत्र वाचून चुलीत टाक.

दादू

*

॥ श्री पावणाई ॥
रत्नागिरी, १० एप्रिल १९८९

चि. दादू,

काल सहाणेवर गाव बसलं. यंदा गावात कोणी गुढी उभारली नव्हती. शेसव्वाशे पुरुष होते. बायका वर बसत नाहीत, मी पायरीखाली उभी राहिले. ह्यांना केरूच्या हाताच्या अंतरावर बसवलं होतं. केरूच्या मांडीवर कोयता. डोकं भादरलेलं, आदल्याच दिवशी तेरावं झालेलं.

मी पाट नेला होता. प्रूफाच्या तीन उभ्या पट्ट्या कापून त्यावर मांडल्या: तारखा, वाड्या, नावं. गावकरांना म्हटलं, मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचलं, सगळं बरोबर. मग मी चौथ्या नावापाशी पट्टी कापली, मध्ये एका ओळीचा कोरा तुकडा घातला आणि खालचा भाग तेवढाच सरकवला. म्हटलं, आता वाचा. "सत्तावीस... सड्यावरची वाडी... गंगाराम," असं वाचून म्हातारा थांबला.

"म्हंजे वैनी, नावा घसरली."

"घसरली. कोणी पैसे खाऊन बदलली नाहीत."

मागून कोणीतरी म्हणालं, "आयला, येवढ्यासाठी?" भागोजीची आई देवळाच्या भिंतीला टेकून बसली होती.

केरू म्हणाला, "घसरली, का घसरवलान्?"

दादू, तुझं पत्र माझ्या कनवटीला होतं. चुलीत टाकलं नव्हतं. मशीन म्हणायला एक शब्द पुरला असता. पण देवीनं माणूस सांगितला होता. मी मशीन म्हटलं असतं तर देवी खोटी ठरली असती, आणि गावानं देवीला खोटं ठरवलं नसतं, मला ठरवलं असतं. मग गळा ह्यांचाच होता. रूपं धुऊन पालखीत बसवलं होतं. कानाच्या खाचेत काळं तसंच राहिलं होतं. मी त्याकडे बघून बोलले.

"नाव मावत नाही हे दिसलं, तरी तसंच सोडलं."

"कोणी?"

"माझ्या भावानं."

"का?"

"सिनेमाचा खेळ चुकला असता म्हणून."

केरू हसला. तसलं हसणं मी जन्मात ऐकलं नाही. भागोजीची आई उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही. तिनं दोन्ही हातांनी माझ्या थोबाडीत मारलं, एक, दोन, तीन, दमेपर्यंत. मी हात वर केले नाहीत. ह्यांनी उठायला बघितलं तर केरूनंच त्यांना खाली बसवलं. मग त्यानं कोयता बाजूला ठेवलान् आणि ह्यांच्या मोडक्या हातावर डोकं टेकलंन्. "हरिश्चंद्रभाव, ह्या पाप माझा." सगळं गाव रडत होतं. मला रडू आलं नाही.

त्यानं पत्ता विचारला. गावकर म्हणाले, "केरू, पोलिसांवर सोड." तो त्यांच्याकडे बघतही नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी लिहून दिला. माझ्या हातानं, पाटावरच्या कोऱ्या तुकड्यावर. खोली नंबरासकट.

मी त्याला म्हटलं, "त्याची बायको पोटुशी आहे. तिच्यासमोर नको."

तो म्हणाला, "भागोजीची पन पोटुशीच हाय, वैनी."

आज सकाळच्या गाडीनं तो निघाला. एकटा. संध्याकाळपर्यंत मुंबईत असेल. हे पत्र मी टपालात टाकणार, म्हणजे तुला गुरुवारी मिळेल. तार करता आली असती, सदूकडेही देता आलं असतं. तुला आधी कळलं असतं तर तू पळाला असतास, आणि केरू रिकाम्या हातानं परत इथं आला असता. आमच्या दारातली माणसं आज सकाळी उठून गेली आहेत. पंधरा दिवसांनी ह्यांना झोप लागली आहे. त्यांचा हात माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

तुझा पत्ता कोणी चहाडी करून दिला असं तुला वाटू नये, एवढ्यासाठी लिहिते. मी दिला.

जाण्याआधी मी केरूला पालखीच्या दांडीवर हात ठेवायला लावलं आणि शब्द घेतला, की तो तुला जिवे मारणार नाही. तेवढा त्यानं दिला. त्यापुढचा शब्द त्यानं दिला नाही, आणि दादू, मी मागितला नाही.

तुझी
ताई